शिनाण्यांच्या पुनर्स्थापित बेडची डायव्हिंग करून मोजणी: घनता तेवढीच येते, पण बेड विरळ दिसतं

तळगाठ

एकेकाळी शिनाण्यांनी (तंतूंनी चिकटून राहणाऱ्या दोन झडपांच्या शिंपल्यांनी) भरलेल्या आणि आता नुसता चिखल उरलेल्या सपाट तळावर शिनाण्यांचे चार गोल पट्टे (बेड) नव्याने वसवले आहेत. प्रत्येक पट्ट्याचा व्यास साधारण १६ मीटर, खोली ९ ते ११ मीटर. दृश्यता चांगल्या दिवशी ३ मीटर, एरवी दीड-दोन. शिंपले शेतीच्या दोरांवरचे, ६ ते ९ सेंटिमीटर लांब. आता वर्षभरानंतरची मोजणी आखायची आहे.

सध्याची पद्धत अशी: डायव्हर पट्ट्यावर उतरतो, ५० × ५० सेंटिमीटरची चौकट शिंपल्यांवर ठेवतो आणि आतले जिवंत शिंपले मोजतो. एका पट्ट्यात ६ चौकटी. सुरुवातीला चौकटीमागे सरासरी २४ शिंपले यायचे, आताही २४ च्या आसपासच येतात. पण खाली जाऊन आलेला प्रत्येक जण सांगतो की पट्टा विरळ झालाय, मध्ये मध्ये मोकळा चिखल दिसतो. आकडा खरा धरायचा की डोळा?

शिवाय तीन गोष्टी विचारायच्या आहेत. रिकामे शिंपले भरपूर दिसतात, ते कशाने मेले हे शिंपल्यावरून कळतं का? मासे आणि बाकीचे जीव त्याच डाइव्हमध्ये मोजता येतील का? आणि नवीन बी (शिनाण्यांची बारीक पिल्लं) बसतंय की नाही हे कसं ओळखायचं? दोन डायव्हरची एक जोडी आहे, टाक्या १२ लिटरच्या.

खोलपाणी

डोळा खरा आहे. चौकट शिंपले बघून ठेवली जातेय, घोळ तिथेच आहे.

शिनाणे टाकले तिथे बसून राहत नाहीत. पायाने सरकतात, शेजारी शिंपला लागला की त्याला तंतूंनी बांधून घेतात, आणि एकसारखा पसरलेला थर थोड्याच दिवसांत पुंजक्या-पुंजक्यांचा होतो. पुंजक्यातली दाटी टिकून राहते, मधली जागा रिकामी होते. कडेचे पुंजके मेले तर पट्टाच आत सरकतो. तुम्ही फक्त पुंजक्यांवर चौकट ठेवत राहिलात तर शेवटचा एक पुंजका उरेपर्यंत आकडा २४ च येईल.

हिशेब करून बघा. व्यास १६ मीटर म्हणजे क्षेत्रफळ सुमारे २०१ चौरस मीटर. चौकट पाव चौरस मीटरची, म्हणून चौकटीत २४ म्हणजे चौरस मीटरला ९६. सुरुवातीला सगळीकडे असं असेल तर पट्ट्यात सुमारे १९,३०० शिंपले. आता समजा अर्ध्या जागेवर चिखल आहे आणि उरलेल्या अर्ध्यावर तेच २४. म्हणजे खरी सरासरी चौकटीला १२, चौरस मीटरला ४८, आणि एकूण सुमारे ९,६५०. निम्मे शिंपले गेले आणि तुमच्या तक्त्यात काहीच हललं नाही.

म्हणून चौकटीची जागा डाइव्हच्या आधी, कोरड्यावर ठरवायची. मध्यभागी एक खुंटी रोवा आणि प्रत्येक चौकटीसाठी एक दिशा (० ते ३५९ अंश) आणि एक अंतर यादृच्छिक आकड्यांनी काढा. अंतर काढताना बहुतेक जण एक चूक करतात. ० ते ८ मीटरमध्ये सरळ यादृच्छिक अंतर घेतलं की चौकटी मध्याजवळ गर्दी करतात, कारण आतल्या वर्तुळात जागा कमी असते. सूत्र असं घ्या: अंतर = त्रिज्या × √(० ते १ मधला यादृच्छिक आकडा). आकडा ०.२५ आला तर अंतर ४ मीटर, ०.५० आला तर ५.७ मीटर. त्रिज्या ८ ऐवजी १० धरा, म्हणजे कडेबाहेर सरकलेले शिंपलेही सापडतील. मग गुणाकारही ३१४ चौरस मीटरनेच करायचा. बिंदू दिशेच्या क्रमाने लावून स्लेटवर लिहून न्या, तळावर गोल फिरत एका फेरीत संपतात.

बिंदूवर पोचल्यावर खाली फक्त चिखल असला तरी चौकट ठेवायची आणि '०' लिहायचं. चौकट जराशी सरकवून पुंजक्यावर नेण्याचा मोह प्रत्येकाला होतो. टेपचा आकडा जिथे येईल तिथे चौकटीचा ठरलेला एकच कोपरा टेकवायचा, हा नियम आधीच करून ठेवा. कडेवरच्या शिंपल्याचा नियमही तसाच: चोच, म्हणजे बिजागरीकडचं टोक, चौकटीच्या आत असेल तरच मोजा.

किती चौकटी? आधी एका पट्ट्यात १० टाका, प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून किती पसरलेत ते) भागिले सरासरी काढा. पुंजके झालेल्या बेडवर हे गुणोत्तर १ च्या वर सहज जातं. १.२ आलं असं धरू. सरासरीतली प्रमाण त्रुटी (सरासरीच्या अंदाजातली अनिश्चितता) २० टक्क्यांवर आणायची तर (१.२ ÷ ०.२)² = ३६ चौकटी लागतील, १० टक्क्यांसाठी १४४. १० टक्क्यांचा नाद सोडा. माझ्या मते एका पट्ट्यात २० चौकटी पुरतात, त्रुटी २७ टक्क्यांच्या आसपास राहते. 'शिनाण्यांमुळे काय बदललं' या प्रश्नासाठी तुमच्याकडे ८० नमुने नसून चारच आहेत, चार पट्टे. एका पट्ट्यातल्या चौकटी एकमेकींपासून स्वतंत्र नसतात. जादा डाइव्ह हातात असतील तर त्या पाचव्या पट्ट्यावर आणि मोकळ्या चिखलावरच्या तुलनेच्या जागांवर खर्च करा.

कड मात्र वेगळी मापाच. खुंटीला टेप अडकवून २२.५ अंशांच्या अंतराने १६ दिशांना पोहत जा आणि शेवटचा पुंजका किती मीटरवर संपतो ते लिहा. 'शेवटचा' म्हणजे काय हेही आधी ठरवा, उदाहरणार्थ ज्याच्या पलीकडे सलग १ मीटर शिंपला नाही असा. मग क्षेत्रफळ = ½ × ०.३८३ × (शेजारशेजारच्या त्रिज्यांच्या गुणाकारांची बेरीज). ८ दिशा घेतल्या तरी चालतं, तेव्हा ०.३८३ च्या जागी ०.७०७ येईल, पण गोल पट्टा सुमारे १० टक्क्यांनी लहान दिसेल. १६ दिशांना ही तूट अडीच टक्क्यांवर येते.

खुंटी लोखंडी असेल तर तिच्याजवळ होकायंत्र भलतीच दिशा दाखवतं. हातभर लांब जाऊन दिशा धरा, किंवा खुंटी जाड प्लॅस्टिक पाइपची घ्या. टेप ताणलेला हवा. प्रवाहात त्याला बाक आला की अंतर जास्त येतं.

भांगभरती

खोलपाणींनी २० चौकटी सांगितल्या, त्या हवेत बसवून बघू.

१२ लिटरची टाकी २०० बारला भरलेली, ५० बार राखीव. वापरायला १५० × १२ = १,८०० लिटर. काम करताना माणूस पृष्ठभागाच्या हिशेबाने मिनिटाला २५ लिटर ओढतो असं धरा, नुसतं पोहण्यापेक्षा हे जास्तच असतं. १० मीटरवर दाब २ बार, म्हणजे ५० लिटर. ३६ मिनिटं. त्यातून उतरणं, खुंटी शोधणं आणि सुरक्षा थांबा (वर येताना वाटेत थांबणं) वजा केला की हातात २५ ते २८ मिनिटं राहतात. एका चौकटीला सरकण्यासह ३ मिनिटं. म्हणजे एका डाइव्हमध्ये ८ किंवा ९ चौकटी, एका पट्ट्याला तीन डाइव्ह. या खोलीवर डीकॉम्प्रेशनची मर्यादा (वाटेत सक्तीने न थांबता वर येता येईल इतकाच खाली राहण्याचा वेळ) यायच्या आधी हवाच संपते, पण दिवसात लागोपाठ डाइव्ह असतील तर मनगटावरच्या डाइव्ह कॉम्प्युटरवर लक्ष हवंच.

दीड मीटर दृश्यतेत दोघांनी वेगवेगळी चौकट मोजू नये. एकाने मोजायचं आणि बोटांनी आकडा दाखवायचा, दुसऱ्याने लिहायचं, टेप सांभाळायचा आणि दोघांच्या हवेवर नजर ठेवायची. पुढच्या डाइव्हला अदलाबदल. मात्र मोजणाऱ्या दोघांनीही पहिल्या दिवशी त्याच पाच चौकटी वेगवेगळ्या मोजून आकडे ताडून बघावेत. फरक १० टक्क्यांच्या वर गेला तर तो शिंपल्यांचा नसून माणसांचा आहे, आणि तो मिटवल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही.

दिवस भांगाचे (भरती-ओहोटीत फरक कमी असतो ते) निवडा, उधाणाच्या दिवसांत प्रवाह आणि गाळ दोन्ही वाढतात. वेळ भरती-ओहोटीच्या मधल्या थांब्याची: थांब्याआधी १५ मिनिटं पाण्यात उतरायचं. थोडा प्रवाह उरलेला चांगलाच, उठलेला गाळ वाहून जातो. नेहमी प्रवाहाच्या विरुद्ध तोंड करून काम करा, म्हणजे तुमचाच गाळ तुमच्या चौकटीवर येणार नाही. तळावर गुडघे टेकू नका. फिन वर ठेवून बेडकासारखी किक मारा, वर-खाली मारलेली एक किक पुढची पाच मिनिटं खाते. कन्सोल (हवेचा मापक) आणि जादा रेग्युलेटर (श्वासाचं तोंड) अंगाशी क्लिपने बांधा, लोंबकळणारी नळी पुंजके ओढून काढते. जुन्या मासेमारीच्या जागेवर हरवलेली जाळी आणि दोर असतात, म्हणून दोघांकडेही कातर हवी.

जीव मोजण्याचा क्रम: मासे आधी, शिंपले नंतर. तुम्ही तळ ढवळला की काही मासे पळतात आणि काही उलट उघड्या पडलेल्या किड्यांवर तुटून पडतात, दोन्ही प्रकारे आकडा बिघडतो. मोजणारा पुढे, टेप त्याच्या मागे उलगडत जातो. टेप आधी टाकून परत येताना मोजू नका. तुमच्या पट्ट्यात १५ मीटरची एक रेघ बसते. रुंदी दोन्ही बाजूंना १-१ मीटर, याहून जास्त नको, कारण दृश्यता दीडच आहे. प्रत्येक डाइव्हला दृश्यता टेपने मोजून लिहा: काळी-पांढरी चकती आडवी धरून मागे सरकायचं, दिसेनाशी झाली की अंतर वाचायचं. १ मीटरच्या खाली गेली तर माशांची मोजणी रद्द करा. गढूळ दिवशीचे कमी मासे म्हणजे कमी मासे नव्हेत.

तळाशी चिकटून राहणारे गोबी-ब्लेनीसारखे छोटे मासे या रेघेत सापडत नाहीत. ते चौकटीतच, टॉर्च मारून, शिंपले मोजायच्या आधी बघायचे. उघड्या पडलेल्या रिकाम्या शिंपल्यांच्या आत नक्की बघा.

दीड मीटर दृश्यतेत माझा जास्त भरवसा तळावर ठेवलेल्या कॅमेऱ्यावर आहे. आमिष नको. आमिषाचा वास किती दूर जातो ते प्रवाहावर ठरतं आणि मग दोन जागांची तुलना लंगडी पडते. एक कॅमेरा पट्ट्यावर, एक मोकळ्या चिखलावर, एकाच वेळी ६० मिनिटं. सुरुवातीची १० मिनिटं सोडून द्या. प्रत्येक जातीचे एकाच फ्रेममध्ये जास्तीत जास्त किती दिसले तो आकडा घ्या. एकच मासा चार वेळा येऊन गेला तर चार मोजला जाऊ नये यासाठी हे.

शंखखूण

रिकाम्या शिंपल्यांबद्दल.

आधी त्यांचे दोन ढीग करा. दोन्ही झडपा बिजागरीला जोडलेल्या, आतली बाजू चकचकीत, त्यावर काहीही उगवलेलं नाही: हा मृत्यू ताजा. झडपा सुट्या, आत शेवाळ, बार्नॅकल (चिकटून बसणारे कवचधारी जीव) किंवा नळीतले किडे: जुना. प्रत्येक मोजणीत फक्त पहिल्या ढिगाचा आकडा 'गेल्या काही आठवड्यांतले मृत्यू' म्हणून धरायचा. दोन्ही एकत्र केले तर वर्षभराचा साठा दर वेळी नव्याने मोजला जातो आणि मृत्युदर वाढतच चाललेला दिसतो.

आता कोणी मारलं ते.

कडा तुटलेल्या, दातेरी: खेकडा. एकच गोल भोक, बाहेरून रुंद आणि आत निमुळतं: भोक पाडणारी गोगलगाय. अगदी बारीक, वेडंवाकडं भोक असेल आणि जवळच एखाद्या खाचेपाशी रिकाम्या शिंपल्यांचा ढीग असेल तर ऑक्टोपस. बारीक तुकडे आणि शेजारी चिखलात बशीसारखा खड्डा: पाकट. मोठ्या जबड्याचे मासेही तुकडे करतात, पण खड्डा करत नाहीत.

अवघड प्रकार एकच, शिंपला पूर्ण शाबूत, उघडा आणि रिकामा. तारामासा झडपा ओढून फट पाडतो आणि पोट आत घालून मांस पचवतो, शिंपल्यावर ओरखडाही राहत नाही. पण प्राणवायू कमी पडून, उष्णतेने किंवा टाकतानाच्या हाताळणीने मेलेला शिंपलाही हुबेहूब तसाच दिसतो. इथे शिंपला सोडून जागा बघावी लागते. तारामाशांचे बळी बहुतेक कडेला, रांगेने असतात आणि तारामासे तिथेच सापडतात. प्राणवायू कमी पडला तर मृत्यू सगळीकडे एकदम होतात, मांस अजून आत सडत असतं, चिखलातले किडे बाहेर येऊन पडलेले असतात, आणि तारामासेही मरगळलेले असतात. हाताळणीचे मृत्यू टाकल्यापासून पहिल्या काही आठवड्यांत येऊन जातात, वर्षानंतर तो संशय घेऊ नका.

तारामासे चौकटीत मोजू नका, ते इतके विरळ असतात की बहुतेक चौकटी रिकाम्याच येतील. पूर्ण पट्टा आणि त्याबाहेरचं २ मीटरचं कडं फिरून सगळे मोजा, मध्यापासून सर्वांत लांब हाताच्या टोकापर्यंतची लांबीही लिहा. तोंडाखाली शिंपला धरलाय का ते उलटून बघा.

जिवंत की मेलेला, अशी शंका असलेला शिंपला हलकेच दाबा. बंद होऊन तसाच राहिला तर जिवंत. दाबल्यावर परत उघडत असेल तर जिवंतच मोजा, पण वेगळी खूण करा. अशा खुणा एका पट्ट्यात एकदम वाढल्या तर पुढच्या महिन्यात काय दिसणार ते आत्ताच कळतं. घट्ट बंद पण उचलल्यावर भलताच जड असेल तर आत चिखल भरलेला असतो, तो मेलेल्यांत.

लांबी मोजायला शिंपले चौकटीतले सगळे घ्यायचे, हाताला लागतील ते नाहीत. हाताला मोठे लागतात. एका पट्ट्यातून निदान १०० शिंपले, व्हर्नियरने मिलिमीटरपर्यंत. पुंजका सोडवताना तंतू कातरीने कापा. ओढून तोडले तर ते शिंपल्याच्या आतल्या मुळापासून निघतात आणि परत ठेवलेला शिंपला जखमेने मरतो. परत ठेवताना मोकळ्या चिखलावर टाकू नका, दुसऱ्या पुंजक्याच्या कुशीत ठेवा, म्हणजे तंतू अडकवायला काहीतरी मिळेल.

तळगाठ

खूप उपयोगी पडलं, सगळ्यांचे आभार. पट्ट्यांच्या कडेला तारामासे आहेत आणि बहुतेक रिकामे शिंपले शाबूतच आहेत, त्यामुळे ते कडं फिरून मोजणं पहिलं करतो. तीन शंका राहिल्या. चौकटीचे फोटो काढून वर येऊन मोजले तर वेळ वाचेल का? सुरुवातीची संख्या आमच्याकडे फक्त टनांत आहे, ती चालेल का? आणि बीचा प्रश्न राहिलाच.

भांगभरती

फोटोने वेळ वाचतो, पण फोटोला वरचा थर दिसतो. पुंजक्यात शिंपले दोन-तीन थरांत असतात आणि खालचे अर्धे चिखलात. म्हणून फोटोवरून संख्या काढू नका, व्याप्ती काढा: फोटोवर १०० बिंदू टाकायचे आणि किती बिंदूंखाली शिंपला, किती रिकामा शिंपला, किती चिखल, स्पंज किंवा शेवाळ ते बघायचं. दर पाचव्या चौकटीत फोटो काढून झाल्यावर हातानेही मोजा. दोन्हींचं नातं बसलं की बाकीच्या चौकटींचा अंदाज फोटोवरून काढता येतो. पुंजक्यांची उंची ऋतूप्रमाणे बदलते, म्हणून हे नातं दर मोजणीला नव्याने बसवा.

गढूळ पाण्यात पूर्ण चौकटीचा फोटो काढायला जेवढं वर जावं लागतं तेवढ्यात मधे फक्त गाळच दिसतो. चौकटीला मधे दोरे बांधून २५ × २५ चे चार भाग करा, रुंद कोनाची लेन्स घ्या आणि चार फोटो जवळून काढा. सपाट काचेमागची लेन्स पाण्यात वस्तू सुमारे एक तृतीयांश मोठ्या दाखवते, म्हणून कॅमेऱ्याच्या दांड्याची उंची जमिनीवर ठरवू नका, बादलीत किंवा टाकीत ठरवा. दिवे कॅमेऱ्यापासून दूर, दोन्ही बाजूंना तिरपे.

चौकट पीव्हीसी पाइपची असेल तर पाइपला भोकं पाडा, म्हणजे पाणी भरून ती बुडेल, आणि आत लोखंडी सळी घाला. ५० सेंटिमीटर हे आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत हवं. पाइप ५० चे कापून कोपरे जोडले की आतली मोकळी जागा ५० येत नाही, आणि बाजूचा २ सेंटिमीटरचा फरक क्षेत्रफळात ८ टक्क्यांचा होतो.

खोलपाणी

टनांवर विसंबू नका. त्या वजनात रिकामे शिंपले, चिकटलेले बार्नॅकल आणि दोरांवरचा कचरा असतो. पुढच्या वेळी शिंपले टाकताना गठ्ठ्यांतून ५ नमुने घ्या, प्रत्येकी २० किलोच्या आसपास, आणि जिवंत किती ते मोजा. शिवाय टाकल्यापासून दोन आठवड्यांच्या आत पहिली डाइव्ह करा, तोच खरा पाया. पुढे १, ३, ६ आणि १२ महिन्यांनी, नंतर वर्षातून एकदा, त्याच ऋतूत. जुन्या चार पट्ट्यांसाठी आता ही मोजणीच पाया धरा.

तुलनेची मोकळी जागा त्याच खोलीवर, त्याच प्रकारच्या चिखलावर, पण पट्ट्यापासून निदान १०० मीटर दूर हवी. जवळ घेतली तर पट्ट्यावरचेच मासे तिथे चरायला जातात. आणि तिथेही अगदी तेवढंच करायचं: तेवढ्याच रेघा, तेवढाच कॅमेरा. जुनं नैसर्गिक बेड कुठे शिल्लक असेल तर तेही मोजा, पोचायचं कुठे ते त्याशिवाय कळणार नाही.

गाळाची जाडीही दर वेळी मापा. ४ मिलिमीटर जाड, खुणा केलेली सळी हलकेच खाली दाबायची आणि ती जुन्या शिंपल्यांच्या थराला लागली की वाचायचं, पट्ट्यात १० ठिकाणी. कायमच्या खुंटीवर खूण करून गाळ वाचू नका. खुंटीभोवती प्रवाह तळ उकरतो, आणि गाळ वाढत असतानाही तिथे खड्डाच दिसतो.

शंखखूण

बीबद्दल. १० मिलिमीटरपेक्षा लहान शिंपले तळावर बघून मोजता येत नाहीत, ते पुंजक्यात तंतूंच्या जाळीत लपलेले असतात. प्रत्येक पट्ट्यातून ३ ते ५ पुंजके वर आणावे लागतील, त्यासाठी आधी परवानगी घ्या. ०.५ मिलिमीटर जाळीची पिशवी पुंजक्यावर आधी चढवा आणि मगच तंतू कापून उचला. आधी उचललं तर अ‍ॅम्फिपॉड (कोळंबीसारखे बारीक जीव) आणि छोटे खेकडे निसटतात, आणि तेच तर या बेडवर माशांना बोलावतात. वर आल्यावर समुद्राच्या पाण्याने ०.५ मिलिमीटर चाळणीवर धुवा. चाळणीत उरेल ते ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा आणि ते २४ तासांनी बदला, कारण प्राण्यांच्या अंगातलं पाणी ते पातळ करतं.

तुमचे शिंपले ६ ते ९ सेंटिमीटरचे टाकलेले असल्यामुळे काम सोपं आहे. लांबीचा आलेख ५ मिलिमीटरच्या गटांत काढा. ५० मिलिमीटरच्या खाली वेगळा उंचवटा दिसला तर बी बसलंय. काहीच नसेल तर जुने शिंपले कितीही टिकले तरी बेड एका पिढीचंच आहे. न्यूझीलंडच्या हाउराकी आखातातली शिनाण्यांची प्रचंड बेड ड्रेजिंगने (तळ खरवडून शिंपले काढण्याने) १९६० च्या दशकापर्यंत संपली. ड्रेजिंग थांबल्यावरही ती आपोआप परत आली नाहीत, आणि तिथे नव्याने टाकलेल्या बेडांवरही खरी अडचण नवीन बी न बसण्याचीच आहे. म्हणून ही मोजणी शेवटी वेळ उरला तर करायची असं ठेवू नका.

बी का बसत नाही हे शोधायला केसाळ दोराचे ३० सेंटिमीटरचे तुकडे पट्ट्यापासून १ मीटर वर बांधा, प्रजननाच्या काळात दर महिन्याला बदला आणि सूक्ष्मदर्शकाखाली मोजा. दोरावर बी आहे पण पुंजक्यात नाही, तर अळ्या येतायत आणि बसल्यावर मरतायत किंवा निघून जातायत: गाळ, भक्षक किंवा धरायला बारीक आधार नसणं, यात शोधा. बारीक बी आधी तंतुमय शेवाळ किंवा हायड्रॉइडवर (झुडपासारखे दिसणारे बारीक प्राणी) बसतं आणि नंतर मोठ्या शिंपल्यांकडे सरकतं, म्हणून असं काही पट्ट्यावर उगवलंय का तेही लिहा. दोरही रिकामा असेल तर अळ्याच पोचत नाहीत. तेव्हा पट्ट्यात आणखी शिंपले टाकून फायदा नाही, जागेचाच विचार करावा लागेल.

तारामाशांचं: कडं फिरून मोजणी होईपर्यंत एकही काढू नका. काढायचेच ठरले तर चारांपैकी दोन पट्ट्यांवरच काढा, दोन तसेच सोडा, म्हणजे काढण्याने फरक पडला का ते कळेल. कापून तिथेच टाकू नका. मधल्या चकतीचा भाग राहिला तर बऱ्याच जातींत त्यातून नवीन प्राणी तयार होतो. पिशवीत घालून वर आणा, मोजा, आणि कुठल्या पट्ट्यातून किती व कोणत्या तारखेला काढले ते त्याच तक्त्यात लिहा.